इंजिन पळेना

३ ऑगस्ट, रविवार

होडी पळत नाही! पहिली दहा मिनिटं बरी जाते, मग रेस कितीही पिळा, माझ्या चालीनं चालते. कल्पेश म्हणतो, "आये, तू चालत लवकर पोचशील." चाळिशीचा झाला माझा मुलगा, तरी इंजिनाचा राग आईवर.

लिहितेय चारुता, माझी सून. मला अक्षर येत नाही. वही नातीची, रियाची — उरलेली पानं. मी हाय-नाय बोलते, चारुता आहे-नाही लिहिते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, कोणी मास्तरीणबाई बोलतेय. बरं वाटतं.

४ ऑगस्ट

प्लग बदलले. फिल्टर धुतला. पंख्याला जाळ्याचा तंगूस, नायलॉनचा दोरा, गुंडाळला होता, तो कापून काढला. कल्पेश खूश. अर्ध्या खाडीत पुन्हा तेच.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज ओहोटीनं कल्पेशला गाठलं. जाळं खाडीच्या तोंडाशी, पाणी उतरायच्या आत परत यायचं असतं. नाही आला. सहा तास चिखलात अडकून, बगळ्यांच्या पंगतीत. मासळी नासली.

घरी आल्यावर म्हणाला, सोमवारपासून कंटेनर यार्डात कामाला जातो, बोलावलंय. होडी विकायची.

मी काही बोलले नाही. (लिही गं चारुता, सासू गप्प बसली. असा दिवस नोंदवून ठेवावा.) चारुता तर लग्नापासून हेच मागते. विचुंब्याची, शेतकऱ्याची मुलगी. अकरा वर्षांत होडीत पाय ठेवला नाही. आज भाकऱ्या दोन जास्त थापल्या तिनं. खुशी लपत नाही पोरीची.

६ ऑगस्ट

नाथनभाऊंना निरोप धाडला. लाँचच्या इंजिनांत आयुष्य गेलं त्यांचं. म्हणाले येतो, फक्त शनिवारी नाही, शब्बाथ असतो, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. मी म्हटलं, आमचं इंजिन तुमच्यातलंच दिसतंय — आठवडाभर शब्बाथ पाळतंय! माणूस खोकेपर्यंत हसला.

७ ऑगस्ट, गुरुवार

सापडलं.

नाथनभाऊ होडीत बसून गेले. दहा मिनिटांनी इंजिन दमलं. त्यांनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला — होडी उडी मारून पळाली, पुन्हा दमली. मग त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. टाकीनं हुस्स करून श्वास घेतला म्हणे. झाकणावर एक छोटा स्क्रू असतो, वारा आत जायला. तो आवळलेला. वारा नाही, तर पेट्रोल पुढे सरकणार कसं?

कल्पेश शपथा घेतो, स्क्रू मी उघडाच ठेवतो, कधी हात लावत नाही. नाथनभाऊंनी विचारलं, मग लावतं कोण?

मी कावळे बघत होते.

पूर्वी टाकी होडीतच असायची. यंदा पेट्रोल चोरीला जातं म्हणून कल्पेश ती घरी आणतो, माझ्या सुक्या जवळ्याशेजारी ठेवतो. आणि माझ्या घरात संध्याकाळी कुठलंच भांडं उघडं राहत नाही. सासूनं लावलेली शिस्त. टाकीला भोक दिसलं — मी स्क्रू आवळला. रोज. बोटं म्हातारी, म्हणून इंजिन मेलं नाही, नुसतं दमलं.

हे सांगताना चारुताचं पेन थांबलं. मी म्हटलं, का गं, सासूची फजिती लिहायला शाई संपली?

ती म्हणाली, "आई, मी रोज बघत होते."

ठाऊक होतं तिला! पाच दिवस गप्प. माझ्याच तोंडचं सगळं लिहून घेत होती, खाली मान घालून. मला राग यायला हवा होता. हसूच आलं. असली सून मला मिळेल असं वाटलं नव्हतं.

मग म्हणाली, "दर ओहोटीला मी घड्याळ बघत बसते. तुम्हाला नाही कळायचं."

कळत नाही होय? मी पन्नास वर्षं बघतेय, आणि मला घड्याळही वाचता येत नाही. तिला म्हटलं, विकायच्या आधी एकदा बसून तर बघ.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळ सोडला. कल्पेशला सगळं सांगितलं. तो दोघींशी बोलत नाही. यार्डाला मात्र अजून हो कळवलं नाही, नाही कळवलं नाही. जेवण दोनदा वाढून घेतलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज अक्षर वेगळं. नाथनभाऊ लिहिताहेत, धक्क्यावर बसून. पानाला ग्रीस लागलंय म्हणे. लागू दे.

चारुता कल्पेशबरोबर होडीत गेलीय. लाइफ जॅकेट दोन घातलीत, एकावर एक. ओहोटी लागून बराच वेळ झाला. मी किती वाजले ते विचारत नाही, नाथनभाऊ आपणहून सांगतात.

आली. नाक वर करून, पाणी फाडत. इतक्या वेगानं तर कल्पेशही आणत नाही.

नाथनभाऊंनी चष्मा पुसला. म्हणाले, "भीमाबाई, हँडल कल्पेशच्या हातात नाहीये."