हिरवळीवर बसून खाल्लेली भाकरी

येडगाव, ता. जुन्नर
मंगळवार, दि. २२ एप्रिल २००३

चि. सौ. वृषालीस,

आप्पाचा आशीर्वाद. मी इकडे बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नाच्या आधीपासूनच कुरकुरतो, त्यात नवीन काही नाही. सोपानरावांना नमस्कार सांग.

तुझं पत्र परवा आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा वाटलं, पेन्शनचं काही असेल. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि चष्मा शोधायला घरात गेलो. तो डोळ्यांवरच होता.

चार ओळींत तू एवढंच विचारलंस की अलिबागच्या घरापुढची हिरवळ पिवळी पडत चालली आहे, काय करावं. तर ऐक. धरणाच्या बंगल्यावर सव्वीस वर्षं हिरवळ राखलेला माणूस सांगतोय, तेव्हा मध्ये बोलायचं नाही.

तुमची जमीन वाळूची. पाणी घातलं की खाली पळतं. म्हणून रोज संध्याकाळी पाइप धरून शिंपडायचा नाद सोड. एक दिवसाआड, सकाळी लवकर, वीतभर ओल जाईल एवढं पाणी दे. संध्याकाळी दिलं तर त्या दमट हवेत पातं सुकत नाही आणि बुरशी धरते. समुद्राच्या वाऱ्याने पात्यावर मीठ बसतं, ते आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन काढ. उन्हाळ्यात फार बारीक कापू नकोस, तीन बोटं राहू दे. युरियाला आत्ता हात लावायचा नाही. पावसाच्या तोंडावर चाळलेलं शेणखत आणि तांबडी माती वरून पातळ पसर, तेवढं पुरे.

आणि नर्सरीवाल्याचं ते गालिचा गवत तग धरत नसेल तर सरळ आपली हरळी लाव. खारं सोसते, ऊन सोसते. आपले भाऊबंद जन्मभर शेतातून हरळी खणून काढतात आणि मी सरकारी पगार घेऊन तीच वाढवायचो, म्हणून गावात माझी किती चेष्टा व्हायची ते तुला ठाऊक आहे. शेजारची सोनीबाई अजून म्हणते, "भिमाजी, आमच्या बांधाची हरळी निऊन लाव की तुज्या सायबाच्या दारात." चतुर्थीला मात्र त्याच बांधावरच्या दूर्वा घेऊन ती ओझरला जाते.

हिरवळीवर नारळाची सावली पडते का, ते कळव. सावलीतल्या गवताचं निराळं असतं.

बुधवार

काल पत्र इथेच सोडलं. आज पाकीट बंद करणार, तेवढ्यात जुन्नरहून मेहबूब आला. बंगल्याच्या पंपावर होता तो. तुला खांद्यावर घेऊन धरणाच्या भिंतीवरून फिरवायचा. आता भिवंडीला जहाँआराकडे राहून आलाय आणि त्याचं पोट सुटलंय.

"लेकीच्या घरी पंधरा दिस?" मी विचारलं.

"मंग? सकाळी उठलं की तिच्या हातचा च्या. लई बरं वाटलं बग."

मी त्याला तुझं पत्र दाखवलं. खरं तर मिरवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"भिमा, अलिबागला माळी न्हाईत व्हय?"

"ढीगभर हाईत."

"आन ही पोरगी तर तुज्या लॉनवरच रांगली. धा वर्साची असताना मशीन ढकलायची. हिला गवताचं म्हाईत न्हाई?"

मी उठलो. चहा केला, त्याने तो प्यायला आणि गेला. मग मी कालचं पान पुन्हा वाचलं. तुला पाठ असलेलंच सगळं मी तुला शिकवत बसलो होतो.

तर आता गवत बाजूला ठेवतो.

चार वर्षांपूर्वी त्या मे महिन्यात मी पहिल्यांदाच तुझ्या घरी आलो होतो. आप्पा येणार म्हणून तू दारात हिरवळ लावली होतीस, पुरणपोळी केली होतीस. शेजारच्या तिघी तुझा बाप बघायला आल्या होत्या. तू तांब्या पुढे केलास आणि मी हात मागे घेतला. लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा नेम. निघताना प्रयागआत्याने पुन्हा बजावलं होतं. मी "अजून न्हाई चालत" म्हणालो, पिशवीतला डबा काढला आणि बाहेर हिरवळीवर जाऊन बसलो. अंगण म्हणजे काही घर नव्हे, अशी वाट काढली मी, आणि वर स्वतःवर खूश होतो. घरून नेलेली भाकरी खाल्ली, बाटलीतलं येडगावचं पाणी प्यायलो, आणि हिरवळीच्या कडा नीट कापल्या नाहीत म्हणून नावं ठेवली. तू दारात उभी होतीस. मग पायरी उतरून आलीस आणि तांब्यातलं पाणी माझ्यासमोर गवतावर ओतलंस. मला वाटलं, पोरगी हिरवळीला पाणी घालतेय. हे खोटं लिहिलं. मला तेव्हाच कळलं होतं.

तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. जे त्या बायका तुझ्या तोंडावर कधी बोलल्या नसत्या, ते तुझ्या बापाने अंगणात बसून सगळ्यांना दाखवलं.

एक सांगतो, सबब म्हणून घेऊ नकोस. मला वाटायचं, मी नेम पाळला तर तुझ्या घरी पाळणा हलेल, आणि मोडला तर तुझी कूस माझ्यामुळे रिकामी राहील. म्हणून तहान दाबली. हे तुला बोलून दाखवायला तुझी आई हवी होती. अंजना गेली तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. मी तुला वेण्या घालायला शिकलो, न्हाऊ घालायला शिकलो, पण असलं बोलायला शिकलो नाही.

तू यायची थांबलीस तेव्हापासून दिवाळीला मी दारात पणती लावतो आणि आत येऊन बसतो. दोन भाकरी थापतो, त्यातली एक उरते. बंगल्यावर आता नवा माणूस आहे. सकाळी कुंपणाबाहेर उभा राहून मी त्याला चुका सांगतो. तो ऐकत नाही, पण तेवढंच कोणाशी तरी बोलणं होतं. मला फार एकटं वाटतं, पोरी.

मूल होवो न होवो, ते विचारायला मी येत नाही. पुढच्या शनिवारी, ३ मेला, नारायणगावहून पहिल्या गाडीने निघतो. पोचेपर्यंत दुपार टळेल. नको असेन तर एक कार्ड टाक, मला राग येणार नाही. राग येईल, पण मी येणार नाही.

प्रयागआत्याला सांगून झालं आहे. "भिमा, येडा झाला का तू?" म्हणाली. मी म्हटलं, "व्हय."

त्या तिघी शेजारणी अजून तिथे राहत असतील तर त्यांना बोलावून ठेव. नाही म्हणालो होतो ते त्यांच्यासमोर. पाणीही त्यांच्यासमोरच पिईन.

या खेपेला डबा न घेता येणारा,
तुझा आप्पा