नाण्याखालचा कागद

७ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मागच्या आठवड्यात पोचलं. आम्ही दोघं बरे आहोत. तुझे भावजी निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूची पाहणी करतात. जन्मभर ठोकलेल्या मोटारींचे पंचनामे करून विमा कंपनीला धाडले, ती सवय जाते कुठे? काल माझ्या पातेल्याला "तळाशी पोचा, कान सैल, दुरुस्ती शक्य" असा शेरा मिळाला. मला अजून मिळालेला नाही, पण रोख तिकडेच आहे.

हा गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद बघून म्हणशील, ताईच्या घरात साधा कागद मिळेना झाला की काय. हसू नकोस. हा कागद मी नाण्यांसाठी आणते. अक्षर मोठं आलंय, कारण पेन जाड आहे. आणि शेवटी याच कागदाचं एक कोरं पान जोडलंय, ते चुकून आलेलं नाही. फेकू नकोस, आणि पत्र वाचून होईपर्यंत उलटूही नकोस. लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचायचीस आणि मग मला रडवायचीस, म्हणून बजावून सांगते.

फोन का नाही केला, असं मनात आलंच असेल. फोनवर तू "आवाज असा का येतोय तुझा" इथून सुरुवात करतेस, मग मी तुझी समजूत घालत बसते आणि सांगायचं ते राहून जातं.

तू विचारलंस, "दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसून जुनी नाणी बघतेस म्हणजे नक्की करतेस तरी काय?" तर ऐक. रक्ताच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माझा जन्म गेला. एवढंसं काहीतरी निरखून ते काय आहे हे सांगणं, एवढंच मला येतं. जुन्या बाजारातून एकेक करत जमवलेली माझी नाणी तुला ठाऊकच आहेत. "काळे बटाट्याचे काप" म्हणायचीस तू त्यांना. पूर्वी त्यातलं एखादं ओळखायचं तर जाडजूड ग्रंथ चाळावे लागत, आणि ते ग्रंथ वाचनालयवाले कपाटाबाहेर काढायला तयार नसत. आता मोठमोठ्या संग्रहालयांनी आपले खणच्या खण इंटरनेटवर उघडे टाकलेत. धातू सांग, वजन सांग, मागच्या बाजूला घोडा आहे की सिंह ते सांग, की तशी शे-दोनशे नाणी रांगेने समोर उभी राहतात. लिलाववाल्यांनी कित्येक वर्षांत विकलेल्या नाण्यांचे फोटोही फुकट बघायला मिळतात. एका ठिकाणी नुसता नकाशा आहे. कुणाच्या नांगराला कुठे नाण्यांचं मडकं लागलं, तिथे ठिपका. त्या ठिपक्यांवरून फिरत माझी सबंध दुपार जाते.

आणि एक खोट्या नाण्यांची यादी आहे. तिथे माझं सगळ्यात लाडकं चांदीचं नाणं निघालं. राजाच्या गालावर जो ओरखडा मी दोन हजार वर्षांपूर्वीचा समजत होते, तोच ओरखडा, त्याच जागी, आणखी डझनभर नाण्यांवर. सगळी एकाच भट्टीतली भावंडं. तुझे भावजी म्हणाले, "अभिनंदन, जुळं नाही, पाळणाघर झालंय." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पण माझा खरा अड्डा म्हणजे नाणी ओळखून देणाऱ्यांचा कट्टा. जगभरातले लोक तिथे फोटो टाकतात आणि आमच्यासारखे रिकामटेकडे सांगतात, हे अमुक राजाचं, हे तमुक टांकसाळीतलं, हे तुमच्या कोटाचं बटण. खरंच, एकदा बटण आलं होतं. मी तिथे 'भिंग' या नावाने बसते. कट्ट्याचा कारभार बघणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी मनात 'खडूस' म्हणते. त्यांचा नियम असा की नाणं चौकटींच्या कागदावर ठेवूनच फोटो काढायचा. आकार कळतो, आणि कॅमेऱ्याने काही वाकडंतिकडं केलं असेल तर रेघांवरून तेही कळतं.

तर या रेघांवरून मागच्या महिन्यात तिथे माझं हसं झालं. माझ्या फोटोंत नाण्याजवळच्या रेघा वाकायला लागल्या. पाण्यात पडल्यासारख्या. मी लेन्स पुसली, कॅमेरा बदलला, भावजींचा फोन वापरून बघितला, कागदाचा नवा गठ्ठा आणला. दुकानदाराशी भांडलेसुद्धा. शेवटी कट्ट्यावर फोटो टाकून विचारलं, हा दोष कसा काढायचा? सगळ्यांनी लिहिलं, कसला दोष? रेघा सरळ आहेत. मी हट्टाने दुसरा फोटो टाकला. तोही सरळ. मग खडूसांनी लिहिलं...

थांबते इथे. भावजी चहा करून बोलावतायत, आणि त्यांचा चहा निवला की त्याचाही पंचनामा होतो.

शनिवार, सकाळ

चहा कधीच पिऊन झाला होता, ठकू. काल पुढचं लिहायला हात धजला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगून टाकते.

खडूसांनी लिहिलं, "ताई, कॅमेरा ठीक आहे. तुम्ही स्क्रीनकडे बघताना एक डोळा मिटता का?" मिटते. सूक्ष्मदर्शकाची जुनी सवय, काहीही बारीक बघायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटतो. पुढे त्यांनी लिहिलं, "मग आज उजवा मिटून बघा. आणि दोन्हींत फरक दिसला तर इथे मला उत्तर लिहीत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा. मी उत्तर लिहीत बसलो होतो."

उजवा मिटला. सगळ्या रेघा सरळ. डावा मिटला. मधोमध पुन्हा वाकल्या, आणि राजाच्या नाकाच्या जागी करडा डाग. आपलंच नाणं खोटं, आणि मी दुकानदाराशी भांडत होते.

डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. नजरेचा मधला भाग जातो, कडा राहतात. उजव्या डोळ्यातलं जे गेलं ते गेलं. पुढचं जाऊ नये म्हणून आता दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यायची आहे. होय, डोळ्यात. बधिर करतात, दुखत नाही फारसं. पहिली सुई झाली तेव्हा भावजीच पांढरेफटक पडले, त्यांनाच पाणी द्यावं लागलं. डावा अजून चांगला आहे. हे पत्र मी त्याच्या जिवावर लिहिते आहे. पेन जाड आहे हे खरं, पण मुद्दाम आणलेलं आहे.

मला भीती वाटते, ठकू. दिवसा नाही वाटत फारशी, पण एखादं नाणं हातात घेतलं आणि ते कुणाचं हे पूर्वीसारखं पटकन कळलं नाही की मी ते पालथं घालून ठेवते. कट्ट्यावर मी आता उत्तरं देत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. पण नाणी सुटलेली नाहीत, आणि त्याचं श्रेय तुझ्या भावजींना. नाण्यांना जन्मभर भंगार म्हणणारा हा माणूस आता नाणं हातात धरून मला वाचून दाखवतो. "पुढची बाजू. पुरुष, वय अंदाजे पन्नास, चेहरा त्रासिक. कपाळावर पोचा. नाक शाबूत. मागची बाजू. घोडा, उजवा मागचा पाय बेपत्ता." मी ऐकते, खुणा सांगते, ते संग्रहालयांच्या पानांवर शोधतात. परवा म्हणाले, "घोड्याच्या पोटाखाली आणखी एक तोंड आहे." मी म्हटलं, काहीतरीच काय? ते नाणं माझ्याकडे कित्येक वर्षं आहे. पण खरंच होतं. जुन्या राजाच्या नाण्यावर नव्याने आपला घोडा ठोकलेला, आणि जुन्याचं तोंड खालून अजून डोकावतंय. तसलंच एक नाणं एका संग्रहालयाच्या पानावर सापडलंही. इथे घोडा असतो हे मला आधीच माहीत होतं, म्हणून मी कधी बघितलंच नव्हतं. दिवसभर ते मिशीला पीळ देत फिरत होते. मिशी नाही, तरी.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

डॉक्टरीण तरुण आहे, पण घाई करत नाही. तिने विचारलं, "आईला डोळ्यांचं काही होतं का?" मी म्हटलं, "मोतीबिंदू काढला होता. बाकी म्हातारपण होतं." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "बोलताना त्या समोर बघायच्या, की बाजूला?"

ठकू, मला तिथे खुर्चीतच रडू आलं.

तुला ती शाल आठवते? आईच्या आवडत्या शालीला कसर लागली होती आणि तू आठ दिवस बसून तिला असं रफू केलंस की भोक कुठे होतं ते तुझं तुलाही सापडेना. ती घेऊन तू एवढ्या लांबून आलीस, आईच्या पुढ्यात बसलीस, आणि आई कपाटाकडे तोंड फिरवून बोलायला लागली. तू तिला म्हणालीस, "माझ्याशी बोलतेस की कपाटाशी?" मग स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर रडलीस, की मी मनाने लग्न केलं, लांब गेले, म्हणून ती मरेपर्यंत माझं तोंड बघणार नाही. आणि तसंच झालं असं तू आजवर धरून बसली आहेस. मीही तुला कधी "तसं नसेल गं" म्हणाले नाही, कारण मलाही तसंच वाटायचं.

गेल्या आठवड्यात भावजींना समोर बसवून मी काही सांगत होते आणि ते मध्येच थांबवून म्हणाले, "माझ्याशी बोलतेस की कपाटाशी?" त्यांना त्या जुन्या गोष्टीतलं काही माहीत नाही. मी थकले की सवयीने डावा डोळा मिटायला लागतो, आणि उरलेल्या उजव्याने समोर बघितलं की त्यांच्या चेहऱ्याच्या जागी डाग येतो. मान फिरवून कपाटाकडे बघितलं की नजरेच्या कडेला त्यांचा चेहरा सापडतो. सबंध, नाकडोळ्यांसकट.

आई तुझ्याकडे बघायचं टाळत नव्हती. तुला बघायला मिळावं म्हणूनच ती मान फिरवत होती. तिने कपाटाकडे बघत तुला डोळे भरून बघितलंय, ठकू. आणि शालीवरून कितीतरी वेळ हात फिरवत होती, ते मी बघितलंय.

डॉक्टरीण म्हणाली, हे रक्तात उतरू शकतं, बहिणीला ताबडतोब तपासून घ्यायला सांगा. लवकर सापडलं तर बरंचसं वाचवता येतं. माझं थोडं उशिरा सापडलं. तू मागच्या पत्रात लिहिलंस की रफू करताना हल्ली धागे एकमेकांत शिरल्यासारखे दिसतात, बल्ब बदलला, मग दिवाच बदलला, आता खिडकीपाशी बसायचं म्हणतेस. ती ओळ मी भावजींकडून तीनदा वाचून घेतली. मी कॅमेरे बदलत होते, तू दिवे बदलते आहेस. नसेलही काही. बल्बच वाईट असेल. देवाकडे तेवढंच मागते आहे.

आता ते कोरं पान काढ. मधोमध मी एक ठिपका दिलाय. वाचायचा चष्मा लाव, पान वाचायला धरतेस तेवढ्या अंतरावर धर. आधी एक डोळा तळहाताने झाक आणि दुसऱ्याने नुसतं त्या ठिपक्याकडे बघ. नजर हलवू नकोस. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का, कुठे तुटल्यात का, कुठे डाग आहे का, ते बघ. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून बघितलंस तर काही कळणार नाही. एक डोळा दुसऱ्याचं झाकून नेतो. आपण दोघी आईपासून एकमेकींचं झाकायचो तसं.

रेघा सरळ दिसल्या तर लगेच मला फोन कर आणि एवढा घोर लावल्याबद्दल पोटभर शिव्या घाल. वाकड्या दिसल्या तर मला फोन करत बसू नकोस. आधी डॉक्टरकडे जा. आज.

कपाटाकडे तोंड करून तुझीच वाट बघणारी,
ताई