स्क्रू सैल केल्यावरही

ती. सुमनआत्यास,

कुरुळीहून तेजलचा साष्टांग नमस्कार (खोलीत तेवढी जागा नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला समजून घ्यावा). तुमचा गुडघा आता कसा आहे? मी हिऱ्यांत काम करते असं तुम्ही चऱ्होलीभर सांगितलंत म्हणून आधी खुलासा करते. ते हिरे अंगठीचे नव्हेत. मुठीएवढ्या पोलादी डबीत (आम्ही तिला सेल म्हणतो) दोन हिरे टोकाला टोक लावून बसवतात आणि मध्ये एका काळ्या स्फटिकाचा दिसेल न दिसेल असा कण ठेवतात. हा उच्च तापमानाचा अतिवाहक, म्हणजे वीज जराही न अडवता नेणारा. (उच्च तापमान म्हणजे उणे दीडशेच्या आसपास. आमच्यात यालाच गरम म्हणतात.) स्क्रू आवळले की हिरे त्याला दाबतात, त्याच्या अणूंचे थर जवळ येतात आणि तो आणखी थोड्या उबेतही अतिवाहक राहतो. फारच दाबलं तर रचनाच मोडते. क्ष-किरण टाकून थरांतलं अंतर मोजायचं, हे माझं काम.

माझ्या आधीची निवेदिता एक आवळलेला सेल कपाटात ठेवून गेली (नोकरी सोडून गेली, इतकंच, भलतं काही मनात आणू नका). मी तो मोजला, तर थर फार जवळ. काही दिवसांनी पुन्हा मोजला, तर आणखी जवळ. स्क्रूला कोणी हात लावला नव्हता. आमचे निरंजनसर म्हणाले, "तेजल, ठेवल्या ठेवल्या दाब उतरतो. चढत नाही. सोड ते स्क्रू आणि संपव विषय." मी पाना लावला, आणि आत्या, स्क्रू सैलच होते. बोटाने फिरले. वरचा हिरा उचलून बाजूला ठेवला. कण खालच्या हिऱ्यावर मोकळा पडलेला, त्याला दाबायला हवेशिवाय काही नाही. तसाच क्ष-किरणाखाली धरला. थर अजून जवळ आले होते.

सरांनी पडद्यावरचा आकडा पाहिला. मग हळूच म्हणाले, "वरचा हिरा ठेव. स्क्रू लाव परत."

"आता कशाला, सर?"

"कोणी दाबत नसताना दबतोय. बघवत नाही."

मग ते कासारवाडीला घरी गेले, आणि सेल इमारतीत आहे तोवर येणार नाही म्हणाले. माझ्या कायम होण्याच्या पत्रावर सही त्यांचीच लागते. मी एकटीच डबा खाते. कपाटाजवळून गेलं की घाट चढताना बसतात तसे कानाला दडे बसतात (आमची प्रयोगशाळा चाकणला, तिथे घाट कुठला, तुम्हीच सांगा). बाकी सर्व क्षेम. काकांना नमस्कार.

तुमची भाची,
तेजल

ता. क. काल कुरिअरने पाठवलेल्या स्टीलच्या डब्यात लाडू नाहीत, तो सेल आहे. मी स्वतःच्या हातांनी भरला. सर रुजू होईपर्यंत धान्याच्या कोठीमागे ठेवा. काकांना सांगू नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी कपाट उघडलं. सेल इथेच आहे, जागेवर. तुमच्याकडे काय आलंय ते झाकण न उघडता कळवा.