कोलाची अर्धी बी

३ मार्च
मोआ नदीकाठच्या या गावात आज पोहोचलो. परदेशी शांतता मिशनच्या कचेरीत युद्धातल्या साक्षी उतरवून घेण्याचं काम मिळालं. शाळा सातवीतच सुटली. पण अक्षर स्वच्छ आणि नावात चूक नाही, म्हणून आर्ने साहेबांनी चौघांतून मला निवडलं. नवं टेबल, दोन पेनं, कुलपाचं कपाट! राहायला कुम्बा मावशींकडे. कसावाच्या पाल्याचं कालवण वाढताना म्हणाल्या, एवढीशी मान घेऊन युद्धातून वाचलास कसा रे? खूप हसलो.

११ मार्च
लोक बोलत नाहीत. साहेब सांगतात, नावं गुप्त राहतील, वहीला कुलूप आहे. मावशी म्हणाल्या, कुलपाला कोण विचारतो? इथं विश्वासाचं बोलणं कोलाच्या झाडाची कडू बी फोडून होतं. अर्धी ऐकणाऱ्यानं खायची, अर्धी बोलणाऱ्यानं जपायची. ऐकणारा फिरला तर ती अर्धी त्याच्या दारात परत येते. साहेबांच्या वतीनं मी खाल्ली. सहा जण बोलले.

२० मार्च
आज मावशीही बोलल्या. त्यांच्या दोन्ही मुलांना नदीवर कुणी मारलं ते नाव घेऊन सांगितलं: कमांडर रॉकेट, जो आता शांतता समितीचा अध्यक्ष आहे. म्हणाल्या, तुझ्या साहेबासाठी नाही हो सांगत, तू खाल्लीस म्हणून. बी लालभडक, फार कडू. पानाखाली नेहमीसारखं माझंही नाव लिहिलं: लिहिणारा, फाया.

२ एप्रिल
वरच्या कचेरीत मिशन यशस्वी ठरलं. निरोपाचा केक कापला. साहेब म्हणाले, शांतता आता तुमची, तुम्हीच सांभाळा. मग पांढऱ्या जीपची आणि वहीच्या कपाटाची किल्ली रॉकेटच्या हातात दिली. फोटो काढले. मी साहेबांना बाजूला घेऊन गुप्ततेची आठवण करून दिली. त्यांनी खांदा थोपटला. आपल्याच माणसांवर विश्वास ठेवायला शिक, म्हणाले.

५ एप्रिल
साहेबांचं हेलिकॉप्टर गेलं. सकाळी दारात अर्धी बी. पांढरी. पहिल्या साक्षीला मासेवाल्या सियानं पांढरी फोडली होती. तिचं घर उघडं, चूल गरम, सिया नाही.

७ एप्रिल
तिसरी आली. वहीच्याच क्रमानं. रॉकेटच्या माणसांना काय माहीत कुणाची बी कुठली? मग आणून ठेवतं कोण — मावशींना पळा म्हणालो. म्हणाल्या, मुलं या नदीत आहेत, मी कुठं जाऊ?

१० एप्रिल
सहा. तोंडातला कडूपणा जात नाही. मावशींच्या पाया पडलो.

११ एप्रिल
मावशींची खोली रिकामी. दारात लाल बी — अजून ओली.
साक्षी संपल्या. नावं संपली नाहीत. प्रत्येक पानाखाली, स्वच्छ अक्षरात, मी —
पांढरी जीप थांबली. वाटलं साहेब —
नाही.
वहीतून वाचतायत. माझं नाव. एकही चूक न —