शिफारशीतलं चौथं पुस्तक

१२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. तू मजेत असशीलच. इकडे ठीक. आईच्या गुडघ्यांची सूज उतरली आहे. मला बढती मिळाली. नव्या इमारतींच्या लिफ्ट तपासायला आता मी जाते.

साप्ताहिकातलं तुझं 'अलीकडे वाचलेलं' पाहिलं. एक पुस्तक चित्रकलेवर, एक संस्कृतीवर, एक समीक्षेचं, आणि चौथं श्रद्धेवर. चौथ्याखाली तू लिहिलं आहेस, "माझ्या ओळखीच्या एक बाई रोज सकाळी देवापुढे घरच्यांची हजेरी घेतात. श्रद्धेचा हा कारकुनी अवतार या पुस्तकाने उघडा पाडला आहे."

ओळखीच्या एक बाई. बरं.

आई तुझं सदर भिंग घेऊन वाचते. तू फोन करत नाहीस, म्हणून तेवढीच तिला तुझी खुशाली. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "मी हसण्यासारखी दिसते का गं?"

"दुसऱ्या कुणाबद्दल आहे ते," मी म्हटलं.

"खोटं बोलताना तू नाक खाजवतेस."

दुसऱ्या दिवसापासून तिचं सकाळी खिडकीपाशी, देवापुढे आपली नावं घेत बसणं बंद झालं.

मी देव मानत नाही, हे तुला माहीत आहे. तरी ते पुस्तक विकत आणलं आणि शेवटपर्यंत वाचलं. तू वाचलेलं नाहीस. अर्ध्यापर्यंत लेखिका अशा प्रार्थनेची टर उडवते, हे खरं. मग तिचं मूल आजारी पडतं आणि ती स्वतःच एकेकाचं नाव घेत बसते. शेवटच्या प्रकरणांत तिने आधीचं सगळं मागे घेतलं आहे.

ती प्रकरणं मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दादा शिकलेला आहे. नीट वाचूनच लिहिलं असेल त्याने. तुझीच काहीतरी गफलत होतेय."

तेव्हा पुढच्या सदरात दुरुस्ती छाप. पुस्तक अर्धंच वाचलं होतं, असं स्वच्छ लिही. लाज वाटेल, वाटू दे. फोन करून गोड बोलू नकोस. तुझं छापलेलंच ती खरं मानते.

तुला काय एवढं, असं विचारशील. काही नाही. सकाळी बूट घालून मी अजून दाराशी थांबते, इतकंच. तुझं नाव नेहमी पहिलं असायचं. माझं ऐकलं की मी निघायचे. आता नुसता पंख्याचा आवाज येतो, आणि लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मी ब्रेक दोनदा तपासते.

हजेरीतली दुसरी