सातवी सही

३ मार्च
आज पुन्हा वहिनीबरोबर पुलावर. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि मशीन नदीपलीकडे, शेजारच्या प्रांतात. आपली रुग्णवाहिका पुलाच्या मधल्या पिवळ्या पट्ट्यापर्यंत, पुढे त्यांची. तिथे स्ट्रेचर उचलून इकडून तिकडे. केंद्र सरकारने दोन्ही प्रांतांना वर्षभरात नऊ विनंतीपत्रं धाडली. केंद्राला तेवढंच करता येतं. घरजावयाचाही शब्द याहून जास्त चालतो.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आठवड्याला दोन परदेशवाऱ्या. मंत्रीसुद्धा एवढं फिरत नाहीत."

७ मार्च
नव्या राज्यघटनेच्या मसुद्याची भाषा घासूनपुसून दिली. वीस वर्षं वर्तमानपत्रातल्या सदरातून केंद्राची टिंगल केली, त्याची ही शिक्षा! कलम चौदा: प्रांतांना जोडणारे पूल आणि त्यांवरची वाहतूक केंद्राच्या ताब्यात. पण जुन्या सनदेप्रमाणे सातही प्रांतांच्या सह्या हव्यात. एक जरी अडून बसला तरी मुसळ केरात.

सहा झाल्या. सातवा प्रतिनिधी आमचा दादा. सह्यांचा त्याला जन्माचा कंटाळा — शाळेचे दाखले, पोचपावत्या, सगळ्यांवर पंचवीस वर्षं वहिनीच त्याची सही ठोकत आली.

८ मार्च
दादा मसुद्याला हात लावेना. "आज पूल मागतायत, उद्या शाळा, परवा तुझं सदर. हुकूम सोडायची चटक लागली की सुटत नाही."

"आणि वहिनी?"

"तिच्यापायी सगळा प्रांत गहाण टाकू?"

वहिनी दारातच होती, चहाचे कप घेऊन. ठेवले आणि आत गेली.

वाईट हे, की दादाचं म्हणणं अगदीच चूक नाही.

११ मार्च
पट्ट्यापलीकडची गाडी चाळीस मिनिटं आलीच नाही. वहिनी उन्हात, स्ट्रेचरवर. तोंडावर वर्तमानपत्र धरलं, नेमकं माझ्या सदराचं पान. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा कुणाला उपयोग झाला.

घरी दादाने विचारलं, "उशीर का?" वहिनीने ते वर्तमानपत्र घडी घालून त्याच्यापुढे ठेवलं.

१२ मार्च
दमलो.

१४ मार्च
वहिनीने मसुदा हातात दिला. "झाली सही. घेऊन जा." माझ्याकडे बघितलं नाही.

जिन्यात उघडून पाहिला. शेवटची रेघ जरा जास्तच सुबक. पायरीवर बसून राहिलो. वर जावं की खाली?

खाली गेलो. कचेरीत मसुदा देऊन पोच घेतली.

१५ मार्च
घटनासमितीच्या अध्यक्षांनी भर सभेत दादापुढे मसुदा धरला. "सही आपलीच ना?"

दादाने बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"पंचवीस वर्षं माझी हीच सही आहे," म्हणाला.