अक्कांचा डोळा आणि दर तासाचा थेंब

२२ ऑक्टो., हसनाबाद
सकाळपासून मी अन् हे मका खुडून राह्यलो. पलीकडच्या वावरात थोरल्या जाऊबाई, अक्का, एकट्याच. त्यांचे मालक, दादा, ट्रक घेऊन हैदराबादकडं गेल्ते. दुपारी अक्का डोळा धरून बांधावर बसल्या. मक्याचं पान सपकन डोळ्यात गेलं म्हणे. हे जाऊन पाहून आले. मी गेले न्हाई. सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं यावरनं वाजल्यापासून आमचं बोलणं बंद.

२७ ऑक्टो.
डोळा लालबुंद. एका दुकानातनं थेंब आणून टाकले, दोन रोज बरं वाटलं, मंग ठणका वाढला. आज अक्कांच्या दारातनंच दिसलं, बुबुळावर पांढरा ठिपका, ज्वारीच्या दाण्याएवढा. आत गेले. म्हणलं, "अक्का, उठा. जालन्याला जाऊ." त्यांनी चपला घातल्या.

२८ ऑक्टो., जालना
काल पोचायला सांज झाली. आज डोळ्याच्या दवाखान्यात डॉ. मॅडमनी डोळा बधिर करून ठिपक्यावरनं जरासं खरवडून घेतलं, काचेवर ठेवून पाह्यलं. बुरशी. पाल्यातनं जाते म्हणाल्या. दुकानातली बाटली पाहून कपाळाला आठी. त्या थेंबानं लाली दबते अन् बुरशी फोफावते. बिलकुल बंद.
डोळा राहील का, मी विचारलं.
"आत्ताच सांगता येणार नाही. दर तासाला थेंब पडलाच पाहिजे. नाहीच आटोक्यात आलं तर बुबुळ बदलावं लागेल."
अक्कांनी एवढंच विचारलं, दर तासाला टाकणार कोण.
मी म्हणलं, "मी हाय की."
दोन-तीन रोज ठेवून घेतलंय. मी बी इथंच.

१ नोव्हें.
घरी आलो. बाटली हलवायची, खालची पापणी ओढायची, वर पाहा म्हणायचं. औषध पांढरं, पापणीला वाळून चिकटतं. अक्का स्वतः टाकायला गेल्या तर सगळं गालावर.
गल्लीतल्या बायांची रीघ. एकीनं मध आणला, एकीनं एरंडेल. चहा पाजला अन् वाट्या भरलेल्या तशाच परत दिल्या.

४ नोव्हें.
फरक न्हाई. उलट बुबुळाच्या मागं खाली पांढरा पू साचला. परत जालना. मॅडमनी गोळ्या वाढवल्या, थेंब तसेच चालू. जीपमधी अक्का माझ्या खांद्याला टेकून.
सांजच्याला थेंब टाकताना एकदम म्हणाल्या, "सासूबाईंचं तूच केलंस सगळं. मी उगी बोलले त्या दिवशी."
मी म्हणलं, "डोळा मिटू नका."


१० नोव्हें.
मॅडमनी दिव्याखाली लई येळ पाह्यलं. मागचं साचलेलं विरलं. ठिपक्याच्या कडा आकसल्या. "आता वळलंय. पण थेंब सोडू नका," म्हणाल्या.
बाहेर बाकड्यावर बसले. यांचा फोन. काय झालं, काय झालं. मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं डोळा गेला, तिकडं ते बी रडाय लागले. मंग अक्कांनी फोन घेतला अन् दोघांनाबी झापलं.

२० नोव्हें.
दोन तासांनी केला थेंब. ठणका गेला. अक्का भाकरी मागून खाऊन राह्यल्या, मिरचीचा ठेचा पाह्यजे म्हणतात. डोळ्याला हात लावू न देण्याची ड्युटी माझीच. दादा आल्ते. उंबऱ्यात उभे राहून "लई केलंस" एवढं म्हणाले अन् ट्रक धुवायला गेले.

१४ डिसें.
जखम भरली. बुरशी न्हाई. मॅडम पैल्यांदा हसल्या. पांढरा डाग मात्र राह्यलाय, बरोबर मधोमध. काही महिन्यांनी पाहू, कदाचित फिका होईल, कदाचित बुबुळ बदलावं लागेल. आत्ता काही करायचं न्हाई.
जीपची वाट पाहत झाडाखाली बसलो. ऊन चांगलं पडलं होतं. अक्कांनी चांगला डोळा तळहातानं झाकला अन् माझ्याकडं पाह्यलं. लई येळ.
"तू हायस एवढं दिसतंय," म्हणाल्या. "तोंड दिसंना."
मी जवळ सरकले. "आता?"
"थोडं."
आणखी सरकले.